शून्य आणि आडवी रेघ

शून्याला शून्याने भागलं तर किती? शाळेत बाई "तसं भागायचं नसतं" एवढंच सांगून पुढे जायच्या. मोबाइलचा कॅल्क्युलेटरही एरर दाखवून मोकळा होतो. माझ्या आतेभावाला मात्र गेल्या वर्षी या भागाकाराचं उत्तर मिळालं. उत्तर होतं, पुढच्या आठवड्यात कामावर येऊ नकोस.

आम्ही नारपोलीचे. भिवंडीतला यंत्रमागांचा भाग. आमच्या आधीची पिढी मागांवर होती. आमच्यातली बरीच मुलं आता मानकोली, पूर्णा, राहनाळच्या गोडाऊनमध्ये जातात. हातात स्कॅनर घ्यायचा, रॅकवरून वस्तू काढायची, बारकोड मारला की एक नग झाला. तासाला किती नग, यावरून माणसाचा 'रेट' ठरतो.

आतेभावाच्या गोडाऊनमध्ये टार्गेट होतं तासाला ५५. त्याने पाच दिवस ६०चा रेट काढला. सहाव्या दिवशी त्याला गाड्या खाली करायला लावलं. दिवसभर त्याने खोके उचलले, स्कॅनरला हातही लावला नाही. म्हणजे सिस्टमच्या लेखी नग शून्य आणि स्कॅनरवरचे तासही शून्य. आता नगांना तासांनी भागा.

रिपोर्टमध्ये त्या दिवसापुढे ० छापून आलं. सहा दिवसांची सरासरी झाली ५०. टार्गेटच्या खाली गेलेल्यांना पुढच्या आठवड्याची शिफ्ट मिळत नाही. त्याने मला रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, मी तर एक मिनिट बसलो नाही. हा शून्य आला कुठून?"

मी प्रोग्रामिंगवर पोट भरते. त्यामुळे तो शून्य मलाही खटकला. कारण कॉम्प्युटर स्वतःहून असा शून्य देत नाही.

हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा खूप जुना आहे. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहिले, त्यात शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं सांगितलं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. या राशीत काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही, कारण ती अनंत आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

आजचे जवळपास सगळे प्रोसेसर दशांश अपूर्णांकांचं गणित १९८५ मध्ये ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे करतात. त्याआधी प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या पद्धतीने उत्तर द्यायचं. बर्कलीचे प्राध्यापक विल्यम कहान यांचा या मानकात मोठा वाटा होता. १९८९चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. या मानकात १ भागिले शून्य म्हणजे अनंत, भास्कराचार्यांच्या जवळ जाणारं उत्तर. पण शून्य भागिले शून्य? तिथे ब्रह्मगुप्ताचा शून्यही नाही आणि अनंतही नाही. तिथे येतं 'नॅन', म्हणजे 'नॉट अ नंबर'. याचं उत्तर सांगता येत नाही, असं सांगणारी खूण.

मग सरळ थांबायचं ना? थांबणंही महाग पडतं. १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'यॉर्कटाउन' या युद्धनौकेवर एका रकान्यात शून्य भरला गेला. प्रोग्रामने त्याने भागायला घेतलं, यंत्रणा कोसळली आणि जहाज काही तास समुद्रात निश्चल पडून राहिलं. नॅनमुळे गणित थांबत नाही. मात्र जे उत्तर त्या खुणेवर अवलंबून आहे, ते सहसा नॅनच होतं. एका दिवसाचा रेट नॅन, तर आठवड्याची सरासरीही नॅन.

नॅनचा स्वभाव विचित्र आहे. तो कोणापेक्षा मोठा नाही, कोणापेक्षा लहान नाही, स्वतःच्या बरोबरीचाही नाही. जावास्क्रिप्टला त्याचा प्रकार विचारलात तर उत्तर येतं 'नंबर'! स्क्रीनवर नॅन दिसला की क्लायंटचा फोन येतो, मॅनेजर वैतागतो. मग प्रोग्रामर ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि एक शून्य टाकतो. अर्थ असा, की उत्तर धड नसेल तर शून्य धर. स्क्रीन स्वच्छ होते. गोडाऊनचा कोड मी पाहिलेला नाही, पण ही ओळ मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे.

त्या शून्याने आतेभावाचं काय केलं बघा. ३०० भागिले ५ केलं असतं तर ६०. तो दिवस मोजलाच गेला नव्हता, तर तो सरासरीतून वगळायला हवा होता. ३०० भागिले ६ केल्यावर तो कामचुकार ठरला. आणि नॅनला हात लावला नसता तर आठवड्यापुढे नॅन आलं असतं. निदान कोणीतरी विचारलं तरी असतं, हे काय आहे?

मी त्याला सांगितलं, "सुपरवायझरना म्हण, सर, माझं काम शून्य नाही, त्या दिवशी माझं काम मोजलंच नाही." त्याने तसं सांगितलं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मला माहितीये रे, मीच तुला गाडीवर पाठवलं होतं. पण सिस्टममध्ये शून्य आहे." त्या आठवड्याची मजुरी गेली ती गेलीच. नंतर सेलचे दिवस आले, माणसं कमी पडली, तेव्हा त्याला परत बोलावलं. रिपोर्टमधला शून्य अजून तसाच आहे.

माझे बाबा मागावर होते. मजुरी मीटरवर. हिशेबासाठी त्यांनी स्वतःची एक वही ठेवली होती. माग चालूनही माल निघाला नाही, सूतच तुटत राहिलं, त्या दिवशी ते ० लिहायचे. माग बंदच असेल तर आडवी रेघ मारायचे आणि बाजूला बारीक अक्षरात 'लाइट नाही' किंवा 'बीम नाही'. सेठशी हिशेबाला बसले की रेघेचे दिवस आधी वेगळे काढायचे.

नॅनमध्येही अशी बाजूची जागा आहे. ६४ बिटांच्या संख्येत नॅनची खूण करून झाल्यावर पन्नासेक बिट उरतात. हा नॅन कुठून आला, का आला, हे त्यात लिहून ठेवता यावं अशी सोय मानकात आहे. फार थोडे प्रोग्राम ती वापरतात. आतेभावाच्या त्या दिवसासाठी दोनच शब्द पुरले असते: गाडीवर होता.