अतिभारारोपण

भाद्रपदात दिवाळीचा माल येऊ लागला आणि सोलापूरच्या कापडपेठेतील एका जुन्या दुकानात चादरी-टॉवेलांच्या गाठी छतापर्यंत रचल्या गेल्या. त्याच आठवड्यात, बावीस वर्षे तेथे काम करणारे मामा कंबर धरून घरी बसले. वर्षातली ही तिसरी वेळ होती. वेदनाशामक गोळ्या, चोळण्याचे तेल, आठ दिवस अंथरूण आणि बरे वाटताच पुन्हा तीच गाठ, तोच माळा, असा क्रम ठरून गेला होता. औषधाचे पैसे देताना मालकांनी कधी हात आखडता घेतला नव्हता. परंतु या वेळी खाडे मांडताना त्यांच्या मनात आले, की आता एखादा तरुण गडी पाहावा.

दशलक्षण पर्व सुरू होते. रात्रीच्या प्रवचनात तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मालकांना ते पाठशाळेपासून मुखोद्गत होते. शक्तीबाहेर भार लादणे म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी गाडीचा बैल येई. त्या रात्री मामांची पाठ आली.

दुसऱ्या दिवशी ते मामांना घेऊन कामगारांच्या आरोग्याची जाण असलेल्या एका डॉक्टरांकडे गेले. लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, ताप, वजन घटणे किंवा मोठी दुखापत यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांनी प्रथम तपासले. तसे काही असते तर विलंब घातक ठरला असता. ते नव्हते. "बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते," ते म्हणाले, "पण उलटतेही. अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. झेपेल तितके चालते-फिरते राहणे हेच औषध. आता मला दुकान दाखवा."

दुकान पाहताना दोष उघड झाला. सर्वांत जड गाठी जमिनीवर किंवा माळ्यावर होत्या, हलका माल मात्र कमरेच्या उंचीवर. प्रत्येक गाठ वाकून, अंगाला पीळ देऊन उचलावी लागे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच शिफारस केली होती, की एका माणसाच्या ओझ्याचे वजन 55 किलोंहून अधिक असेल तर ते कमी करावे. येथील काही गाठी त्याहून जड होत्या. कंबरेला पट्टा बांधून किंवा नुसते उचलण्याचे शिक्षण देऊन हे टळणार नव्हते. कामाची मांडणीच बदलायला हवी होती.

मालकांनी रचना उलटी केली. जड माल गुडघा ते कंबर या उंचीवर आला, माळ्यावर रिकामी खोकी गेली. ढकलगाडी आली, गाठी लहान बांधून मागवल्या, मोठी गाठ दोघांनीच उचलायची असे ठरले. दुखू लागताच सांगावे, त्यासाठी पगार कापला जाणार नाही, हेही सांगितले.

दुकानात दहाहून अधिक माणसे असूनही कर्मचारी राज्य विम्याची नोंदणी रखडली होती, तीही झाली. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी मालकाचे 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के भरायचे असतात. अटी पूर्ण झाल्यावर उपचार मिळतात, शिवाय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता. एवढ्या रकमेसाठी आपण काय टाळत होतो, हे हिशेब मांडल्यावर त्यांना उमगले.

क्षमावाणीच्या दिवशी ते मामांच्या घरी गेले. हात जोडले तेव्हा मामा गोंधळले. "मालक, मला कशाची क्षमा मागता? काम म्हटलं की ओझं आलंच."

"मामा, तुमचा खाडा मी दरवेळी लिहिला," मालक म्हणाले, "गाठीचं वजन कधी लिहिलं नाही."

मामा कामावर आले ते प्रथम दोन आठवडे माल मोजण्याच्या आणि गिऱ्हाईक पाहण्याच्या कामावर. मग हळूहळू पूर्ववत. हिवाळ्यात कंबर पुन्हा एकदा धरली. त्यांनी त्याच दिवशी सांगितले, चार दिवस हलके काम केले आणि एकही खाडा पडला नाही. वहीत आता प्रत्येक गाठीपुढे तिचे वजन लिहिले जाते.