आधी खालची बाजू दाखवा

आज पुन्हा जुन्या पेडल स्टील गिटारच्या जाहिराती चाळल्या. चकचकीत मेपल, पुढच्या बाजूला 'शो-बड' हे नाव आणि ठरलेलं वर्णन : दुर्मिळ, व्यावसायिक दर्जाची, सगळं मूळचं. मला याचा राग येतो, कारण अशा शब्दांवर विसंबतो तो नवा शिकणारा.

शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकात नॅशव्हिलमध्ये शो-बड ही कंपनी उभी केली. ते नाव मोठंच आहे. पण त्याच नावाने मॅव्हरिक हे विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेलही निघालं : तीन पेडल आणि गुडघ्याने चालवायचा बहुधा एकच लीव्हर. ई-नाइन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या ट्यूनिंगवरचं आजचं वादन शिकायला तीन पेडलांसोबत निदान चार लीव्हर हवेत. मॅव्हरिक वाईट नाही. तिला मैफलीचं वाद्य म्हणून विकणं वाईट.

बडी एमन्स यांच्या नावाच्या गिटारींचंही तसंच. जुन्या पुश-पुल यंत्रणेत तारेचा सूर चढवताना ओढ बसते आणि उतरवताना ढकल. नंतरच्या ऑल-पुलमध्ये दोन्ही कामं ओढीनेच होतात. पुश-पुलला मागणी जास्त, म्हणून ऑल-पुललाही तेच लेबल चिकटतं.

वरून काढलेला फोटो यातलं काहीच सांगत नाही. खालचे दांडे, क्रँक, तारांचा सूर बदलणारा चेंजर, बदललेले स्क्रू, तडकलेले ओतीव भाग पाहायला हवेत. प्रत्येक पेडल दाबून सोडल्यावर तार मूळ सुरावर परतते का, याचा व्हिडिओ मागावा. प्रामाणिक विक्रेता तो आनंदाने देतो. जो टाळतो, त्याच्याकडे पैसे पाठवू नयेत.