दातांवरून वय

शिनोलीच्या आमच्या घरात कुणाचा दात हलायला लागला की ती गोष्ट त्याच्या एकट्याची राहत नसे. चुलत भावंडं धरून पोरांची पंगतच एवढी मोठी, की कुणाच्या तरी तोंडात काहीतरी सुटत आलेलं असायचंच. हलत्या दाताचा मालक दिवसभर जिभेनं तो पुढं-मागं करत बसायचा आणि बाकीची पोरं 'बघू, बघू' करत त्याच्या तोंडापाशी घोटाळायची. थोरली चुलती म्हणायची, मक्याचं कणीस खा, आपसूक पडंल. आत्या दोऱ्याची भीती घालायची : एक टोक दाताला, दुसरं दाराच्या कडीला. खरं काम मात्र आजोबांचं. सगळं घर त्यांना बाबा म्हणायचं. "ये रं, नुसतं बोट लावतो," म्हणत ते समोर बसवायचे, उपरण्याच्या टोकात दात चिमटायचे आणि गोठ्यातल्या वासराचं काहीतरी विचारायचे. उत्तर सुचायच्या आत दात उपरण्यात. मग मोरीत मिठाच्या पाण्याची गुळणी, आणि आजीची ताकीद : खिंडारात जीभ घालू नको, नवा दात वाकडा येईल. ती ताकीद कुणीच पाळली नाही. पुढचे दात नसलेली पोरं गावाचं नाव 'थिनोली' सांगायची आणि पाव्हण्यारावळ्यांकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं जायचं.

पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर भिरकवायचा आणि उंदराकडं त्याच्यासारखा बारीक, पांढराशुभ्र दात मागायचा, ही आमच्याकडची रीत. धाकट्या काकूला ती मुळीच पटत नसे. वर्षभर कणगीतलं भात खाणाऱ्या चोराकडंच काय मागायचं, असं तिचं म्हणणं. पण मागणाऱ्यांनी माणूस बरोबर निवडला होता, कारण उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. जेम्स फ्रेझरच्या 'गोल्डन बाऊ'च्या १९२२च्या संक्षिप्त आवृत्तीत पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटावरची मुलंही दात शाकारलेल्या छपरावर टाकून उंदराकडंच नवा मागत, अशी नोंद आहे. स्पेनमध्ये लुईस कोलोमा या धर्मगुरू लेखकानं आल्फोन्सो तेरावा या बालराजाचा दात पडला तेव्हा त्याच्यासाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. तिथला उंदीर उशीखालून दात नेतो आणि बदल्यात भेट ठेवतो. आमच्या उंदरानं दाताखेरीज कुणाला काही दिल्याचं ऐकिवात नाही, आणि तो दातही आपल्या सवडीनं द्यायचा.

पुढं कौलं उतरली आणि पत्रे आले. पत्र्यावर दात टण्ण वाजायचा आणि घरंगळत पुन्हा अंगणात यायचा, म्हणून धाकट्यांना दोन-दोनदा फेकावा लागे. मग स्लॅब पडला. स्लॅबवर कुणी दात फेकत नाही.

दात पडला की घरातली मोठी माणसं हिशेबाला बसायची. त्यांचं लक्ष दातापेक्षा वयाकडं असे. कुणाच्याच जन्माचा कागद घरात नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, पण घरी सुईणीच्या हातावर जन्मलेलं पोर कागदावर यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. मग वय कशावरून काढायचं? बाबांचं उत्तर ठरलेलं : बैलाचं काढतो तसंच.

आमचा आंबेगाव-जुन्नर हा बैलगाडा शर्यतींच्या घाटांचा मुलूख. इथं पोरांना पाढ्यांच्या आधी बैलाचे दात कळतात. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ, तेही आधी दुधाचे. सगळे दुधाचे असतील तो आदत. दोन वर्षांच्या पुढं कधीतरी मधली जोडी पडून तिथं रुंद दात आले की दुसा, पुढची जोडी बदलली की चौसा, मग सहा दाती. साडेचार-पाच वर्षांचा होईतो आठही भरतात आणि बैल जुळला म्हणतात. बेल्ह्याच्या बाजारात बाबा खोंडाचा ओठ खाली ओढून एक नजर टाकायचे. मालक वयाबद्दल काय सांगतोय ते त्यांच्या कानात शिरतच नसे. घरी आमचे ओठही ते तसेच ओढायचे. "ह्यो दुसा झाला," असं भर पाव्हण्यांत जाहीर व्हायचं. त्याची लाज वाटायची आणि ऐटही.

हा काही आमच्याच बाबांचा अडाणीपणा नव्हता. इंग्लंडात गिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली, तेव्हा तिथंही जन्माचे दाखले नव्हते. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं १८३७ साली पार्लमेंटपुढं मांडलं, की मुलाच्या उंचीपेक्षा त्याचे दात वयाचा जास्त भरवशाचा पुरावा आहेत. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे मधले दोन सुटतात, मग वरचे पटाशीचे, आणि बाराव्यापर्यंत वीसच्या वीस दुधाचे दात जाऊन येतं ते कायमचं. पहिला दात पडायच्या सुमारालाच डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला पोचायला लागतो. आमच्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजी तेवढंच बघायचे. हात कानाला पोचला की जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतली निम्मी माणसं सरकारदरबारी एकाच दिवशी जन्मली आहेत.

एका ठिकाणी मात्र या दातविद्येनं आमचं नुकसान केलं. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागं एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळं ती आल्याचं घरात कुणाला कळत नाही. ती किडली की मोठी माणसं म्हणायची, दुधाची हाय, पडंल. ती पक्की दाढ असायची. गूळ-शेंगदाणे खाऊन आणि माकडछाप काळ्या पावडरीनं दात घासून आमच्यातल्या कितीतरी जणांनी ती शाळेत असतानाच घालवली. हे मला दंतवैद्याकडं दाढ दाखवली तेव्हा समजलं. घरात समजायला हवं होतं.

आजीचं वय कशावरूनच निघत नसे. मिश्री लावून लावून उरलेले चार दात काळेभोर. तिचं माहेर डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की जुन्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. कुणी वय विचारलं की आजी म्हणायची, "माझं दुधाचं दात बापाच्या कौलावर हायती. जा, धरणात उतर आन् मोज."

तिच्यानंतर घरातल्यांच्या वयाचा हिशेब थोरल्या चुलतीकडं आला. तिच्याकडं साल कधीच नसतं, दात असतात. थोरला चुलतभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. १ जून १९६६ या तारखेप्रमाणं तो ३१ मे २०२४ला निवृत्त झाला. सत्काराला चुलतीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणात कुणीतरी अठ्ठावन्न वर्षं म्हणाल्याबरोबर ती शेजारणीकडं वळून, जरा मोठ्यानंच, म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी मिळायची तवा ह्याच्या तोंडात सगळं दुधाचं व्हतं. पैला दात पडला तो पुढच्या सालच्या पोळ्याला, पुरणपोळी खाताना. सरकारनं वर्षभर आधीच घरी धाडला की ह्याला." भाऊ हार गळ्यात घेऊन हसत उभा होता. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर सह्या होऊन गेल्या होत्या.