गॅरेजमधला दुसरा फ्रिज

ऑस्टिनचा उन्हाळा मे महिन्यात सुरू होतो आणि गणपती येऊन गेले तरी हलत नाही. बाहेर ३८-४० अंश असतात, बंद गॅरेजमध्ये त्याहून जास्त. अशा गावात घरी बिअर करायची हौस असेल, तर माल्ट आणि हॉप्सच्या आधी एक जुना फ्रिज मिळवावा, असं मी नव्या माणसाला सांगतो. अमेरिकेत हा उद्योग उजळ माथ्यानं करता येतो. जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यामुळे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास बिअर स्वतःपुरती करायला केंद्राचा कर लागत नाही. पुण्यात बाल्कनीत हेच मांडलं असतं, तर १९४९चा दारूबंदी कायदा आडवा आला असता.

माझा फ्रिज शेजाऱ्यांनी दिला. त्यांचं स्वयंपाकघर नवं होत होतं. पण फ्रिजचं आतलं बटण दूध-भाजीसाठी असतं. ते कितीही फिरवलं तरी आठ-नऊ अंशांच्या वर जात नाही, आणि एल जातीच्या यीस्टला तर १८ ते २० लागतात. म्हणून मध्ये एक कंट्रोलर बसवायचा. फ्रिजचा प्लग कंट्रोलरमध्ये, कंट्रोलर भिंतीत. त्याच्या वायरीच्या टोकाला असलेला प्रोब तापमान सांगतो, त्यानुसार वीज चालू किंवा बंद. दुसऱ्या सॉकेटला गरम होणारा पट्टा लावला की जानेवारीतल्या थंडीचीही सोय होते. त्या दिवसांत घरातलं इडलीचं पीठही माझ्या फ्रिजमध्ये येऊन फुगतं. त्यासाठी आकडा ३० वर न्यावा लागतो, तेव्हा बिअरनं आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, असा घरचा नियम आहे.

खरी मेख प्रोब कुठे ठेवायचा, यात आहे. साखर खाताना यीस्ट उष्णता सोडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे झाकणावरची नळी सारखी बुडबुडत असते तेव्हा, फ्रिजमधली हवा १८ वर असली तरी आतला द्रव सहज २१-२२ वर असतो. प्रोब हवेत लोंबकळत असेल, तर कंट्रोलर १८ वाचून खूश असतो. म्हणून तो फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या अंगाला, द्रवाच्या पातळीच्या खाली चिकटपट्टीनं बसवायचा आणि वरून स्पंजचा जाड तुकडा दाबायचा, म्हणजे तो हवेचं नाही, बिअरचं ऐकतो. आई दूध कोमट झालंय की नाही हे करंगळी बुडवून ठरवायची आणि मग विरजण लावायची. तेच काम इथे वायरीकडून करून घ्यायचं.

एवढा आटापिटा चवीसाठी. हे पहिले दिवस गरम गेले, तर एलमध्ये जड अल्कोहोल तयार होतात, नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा उग्र वास येतो, आणि पाककृती कितीही नामी असली तरी तो झाकत नाही. लागर जातीचं यीस्ट दहा-बारा अंशांवर सावकाश काम करतं, पण मागे लोण्याचा वास सोडू शकतं. शेवटी काही दिवस तापमान १६-१८ पर्यंत चढवलं, की तेच यीस्ट तो वास निर्माण करणारा पदार्थ परत खाऊन टाकतं. तापमानाची ही डोकेदुखी जुनीच आहे. बव्हेरियात १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी होती, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. पुढे १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं दारूभट्ट्यांमध्ये आली, तेव्हा कुठे उन्हाळ्यातही भरवशानं बिअर करता येऊ लागली.

कंट्रोलर हाती आला की आकडा अगदी काटेकोर ठेवायचा मोह होतो. अर्ध्या ते एक अंशाचा फरक चालू द्यावा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही आतला गारवा काही वेळ काम करतच राहतो, वीस लिटर बिअर आणखी खाली जाते, मग पट्टा पेटतो, आणि दोघांच्या भांडणात मीटर पळतं. कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू करणंही वाईट. मध्ये पाच-दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती नेमून द्यावी.

आंबवायचा आणि वाढायचा फ्रिज एक असू शकत नाही. एक १८ मागतो, दुसरा ४. त्यामुळे केग, म्हणजे तयार बिअरची पिंपं, एका आडव्या फ्रीझरमध्ये असतात, त्यालाही असाच कंट्रोलर. गारवा तळाशी बसतो, म्हणून आत छोटा पंखा ठेवला आहे. ४ अंशांवर कार्बन डायऑक्साइडचा दाब १२ पीएसआयच्या आसपास ठेवला की बेताचा फेस मिळतो. तोच दाब ठेवून केग गरम होऊ दिला, तर वायू द्रवात टिकत नाही आणि ग्लासात नुसता फेस येतो. नळ बाहेरच्या हवेत असतो, त्यामुळे पहिला ग्लास तसाही फेसाळतोच. तो मी घेतो.

काळी स्टाउट मात्र ४ वर मुकी असते. तिला दहा-बारा अंश हवेत. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून मामा आले होते. पहिला घोट घेऊन म्हणाले, “झकास! एकदम गार.”

“मामा, आता वीस मिनिटं तशीच ठेवा. मग कॉफीचा, कोकोचा वास उलगडेल.”

“अरे, वीस मिनिटांत गरम होईल की ही!”

“व्हायलाच हवी.”

मामांनी माझ्याकडे बघितलं, ग्लास एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.