प्रतिष्ठित रहिवासी

गेल्या महिन्यात वस्तीतली तीन पोरं घरी आली. तिघंही चळवळीतली, चांगली पोरं. हातात टाइप केलेला अर्ज. विषय : पुलाखाली उभ्या राहणाऱ्या बायांना हटवणेबाबत. खाली चौदा सह्या. पंधरावी माझी पाहिजे होती.

"काका, तुम्ही जुने कार्यकर्ते. तुमचं नाव वर टाकू."

मी पेन घेतलं. टोपण काढलं. आणि हात पुढं जाईना. पोरांना वाटलं म्हाताऱ्याला दिसत नाही. एकानं उठून टीव्हीवरचा चष्मा आणून दिला.

चष्म्याचा सवाल नव्हता. अशीच एक सही मी १९९५ साली केलीय. ती अजून फिटलेली नाही.

ते सांगतो. वस्तीचं नाव घेत नाही, पोलीस ठाण्याचं पण नाही. मुंबईतली वस्ती, स्टेशन जवळ, एवढं पुरे.

१९९२-९३ च्या दंगलीनं मुंबई जाळली तेव्हा भिवंडी शांत राहिली होती. जी भिवंडी १९८४ ला पेटली होती ती. कारण १९८८ पासून तिथं सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या. हिंदू-मुसलमान दोघांना एका सतरंजीवर बसवायचं, हवालदारानं गल्लीतल्या माणसांना नावानिशी ओळखायचं, भांडण लहान असतानाच मिटवायचं. साधी गोष्ट. दंगलीनंतर मुंबईतही तशा कमिट्या निघाल्या. आमच्याकडेही निघाली. दलितांचा प्रतिनिधी म्हणून मला घेतलं.

आता काय सांगू दोस्तहो, मला चौकीत खुर्ची मिळाली! माझा बाप एकदा चोरीच्या संशयावरून चौकीत गेला होता तेव्हा चार तास उकिडवा बसला होता. मी त्याच भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून स्पेशल चहा पीत होतो. साहेब मला "अहो" म्हणत होते. त्या एका "अहो"नं माझं डोकं फिरवलं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दंगल सरली. कमिटीला विषय पाहिजे. मग बायांचा विषय निघाला. स्टेशनच्या रस्त्याला संध्याकाळी सात-आठ बाया उभ्या राहायच्या. त्यांच्यावर सगळ्यांचं एकमत झालं. हिंदूंचं झालं, मुसलमानांचं झालं, आमचं झालं. राष्ट्रीय एकात्मता अशी होते बघा. मीच सगळ्यात जोरात बोललो. आमच्या आयाबहिणींनी ह्या रस्त्यानं जायचं कसं, वगैरे. टाळ्या पडल्या.

पंधरा दिवसांनी रात्री हवालदार दारात. "चला, पंच म्हणून यायचंय."

१९५६ चा तो अनैतिक व्यापाराचा कायदा, १९८६ साली सुधारला तो, पोरांनो वाचून काढा. त्याच्या १५ व्या कलमात लिहिलंय की खोलीची झडती घ्यायची तर त्या भागातले दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला बोलवायचे, त्यात एक बाई पाहिजे. प्रतिष्ठित रहिवासी! माझ्या खानदानात सरकारनं पहिल्यांदा कुणाला प्रतिष्ठित म्हटलं ते त्या रात्री, आणि ते कशासाठी तर एका गरीब बाईच्या ट्रंकेत हात घालताना बघायला. बाई पंच म्हणून कोपऱ्यावरच्या चहावाल्याची बायको उठवून आणली. ती बिचारी दाराबाहेर पदर तोंडाशी धरून उभी.

खोली दहा बाय आठची. स्टोव्ह, दोन कळशा, मधे साडी बांधून केलेले दोन भाग. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कोट, टाय, चष्मा. फोटोला प्लॅस्टिकची फुलं. आणि त्याच्याच खाली फळीवर यल्लम्माची परडी.

मी फोटोकडे बघितलं आणि मान खाली घातली. खोलीतली थोरली बाई, पन्नाशीची असेल, माझ्याकडेच बघत होती.

"कुठला रं बाळा तू?"

"मिरजंकडचा."

"मंग आपलाच की." जरा थांबून म्हणाली, "आपलाच हाईस तर कशावर सही कराय लागलाईस ते वाच तरी."

मी वाचलं नाही. वाचायला काही नव्हतंच. कोरा कागद होता. खाली फुली मारलेली, इथं सही करा. मी केली. इंग्रजीत केली, झोकात.

पुढं कळलं की कागदावर नंतर तीन पानं भरली. खुणेची नोट सापडली म्हणे, अमुक ठिकाणी, अमुक नंबरची. मी नोट बघितलीच नव्हती. आणि कुंटणखाना चालवते म्हणून आरोपी कोण, तर ती थोरली बाई. तिघी मिळून खोलीचं भाडं भरायच्या. पण ह्या कायद्यात दोन बायांनी आपल्या दोघींच्या फायद्यासाठी जागा वापरली तरी तो कुंटणखाना होतो. म्हणजे एकटी रस्त्यावर उभी राहिली तर ८ वं कलम, दोघी-तिघी भिंतीच्या आडोशाला गेल्या तर ३ रं. बाईनं जायचं कुठं? आणि ज्याची खोली होती, जो शेजारी देशी दारू विकायचा, महिन्याला दुप्पट भाडं घ्यायचा, त्याचं नाव कागदावर नाही. तो कमिटीत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

रस्त्यावरच्या बायांना तर पंचही लागत नव्हते. बॉम्बे पोलीस ॲक्टचं ११० कलम, असभ्य वर्तन. गाडीत घालायचं, सकाळी कोर्टात, दंड, सुटका. दंडाचे पैसे कुठनं आणायचे? उसने, शेकडा दहानं. मग ते फेडायला त्याच संध्याकाळी परत उभं राहायचं, आधी नऊपर्यंत उभ्या राहायच्या त्या आता बारापर्यंत. फक्त रस्ता बदलला. पोलिसांच्या धाकानं त्या उजेडातून निघाल्या आणि दोन गल्ल्या सोडून पुलाखाली अंधारात गेल्या. अंधारात बाईला गिऱ्हाईकाचं तोंड दिसत नाही, तो पिऊन आलाय का, खिशात काय आहे, कळत नाही. कमिटीनं मात्र रस्ता साफ झाला म्हणून साहेबांना नारळ-शाल दिली. शाल मीच घातली.

आता विचार करा. आमच्या तक्रारी खऱ्या होत्या का? होत्या. मी नाकारत नाही. माझ्या बहिणीला एका दारुड्यानं भाव विचारला होता, ती रात्रभर रडली. नळावर भांडणं व्हायची. शाळेच्या भिंतीला लोक उभ्यानं मुतायचे. पण ह्यातलं बाईनं काय केलं होतं? बहिणीला भाव विचारला तो पुरुषानं. दारू विकली ती खोलीमालकानं. दिवा बंद ठेवला तो म्युनिसिपालटीनं. हप्ता कोण घ्यायचं ते लहान पोरालाही ठाऊक होतं. चार जणांची पापं, आणि त्या एका बाईच्या नावावर आमचा अर्ज. कायद्याच्या ७ व्या कलमात देवळापासून, शाळेपासून, दवाखान्यापासून दोनशे मीटरच्या आत धंदा झाला तर बाईबरोबरच्या पुरुषालाही शिक्षा आहे. दोनशे मीटरची टेप त्याच्यासाठी लागलेली मी माझ्या जन्मात बघितली नाही.

म्हणून म्हणतो, लोकांनी पोलिसांना मदत करायची, पोलिसांनी लोकांचं ऐकायचं, हे सगळं बरोबर. पण लोक म्हणजे कोण? सतरंजीवर कोण बसलंय ते आधी मोजा. त्या बाया आमच्याच वस्तीत राहात होत्या, त्याच नळाचं पाणी भरत होत्या, मतदानाला रांगेत उभ्या असायच्या. कमिटीत त्यांची एक बाई नव्हती. आम्हांला सुचलं पण नाही. भिवंडीत भांडणारे दोघं समोरासमोर बसवले म्हणून जमलं. आम्ही एकालाच बसवलं आणि दुसऱ्याला गाडीत घातलं. आणि साहेबाला तरी काय दोष देऊ? इंग्रजांनी १८६८ साली रोगांचा कायदा काढला तो गोऱ्या सोल्जराची तब्येत राखायला. नोंदणी आणि तपासणी बायांची, जबरदस्तीनं. सोल्जराची नाही. खाकीला वळण तिथलं आहे. आपण त्या वळणाला आपल्या सह्या जोडल्या.

पोरांतला एक म्हणाला, "पण काका, बाबासाहेबांनीच ह्या बायांना धंदा सोडा म्हणून सांगितलं होतं ना?"

बरोबर. १६ जून १९३६, परळचा दामोदर हॉल. धर्मांतरासाठी महार परिषद होऊन पंधरा दिवस झाले होते. समोर कामाठीपुऱ्यातल्या बाया, मुरळ्या, जोगतिणी. बाबासाहेब गोड बोलले नाहीत. हे जिणं सोडा म्हणाले, समाजाला काळिमा आहे म्हणाले, पोटाचं काय ते मला विचारू नका, पोट भरायचे शेकडो मार्ग आहेत, लग्न करून संसाराला लागा. कडक बोलले. आज ते भाषण वाचताना कुणाकुणाला टोचतं. मलाही एका जागी टोचतं, कारण पोटाचा सवाल अजून तसाच उभा आहे.

पण दोस्ता, ते बोलले कुणाला? बायांना. सभा घेऊन, समोर बसवून, आपली माणसं म्हणून. त्यांनी कमिशनरला अर्ज नाही लिहिला की आमच्या मोहल्ल्यातनं ह्यांना उचला. हा फरक मला कळायला ती रात्र लागली, कोर्ट लागलं.

दुसरीकडे सांगलीत १९९६ साली बायांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. त्या म्हणतात, धंदा हे आमचं काम आहे. मला हे सगळं पटत नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती परडी येते. परडी जिच्या हातात लहानपणी दिली तिनं कुठं काम निवडलं? देवदासी बंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ ला झाला, महाराष्ट्राला पुन्हा नवा करावा लागला २००५ साली. म्हणजे सत्तर वर्षं काय झोपा काढल्या? आणि सोडलेली पोर कुणाची असते ते तुम्हांला मी सांगायला नको. पण त्याच सांगलीच्या बाया आपले तंटे आपण बसून मिटवतात, अल्पवयीन पोर कुणी आणली तर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लोकांचा पहारा म्हणायचा तर मला तो तिथं दिसतो. पटत नसलं तरी दिसतो.

आणि नागपूर. दीक्षाभूमीचं नागपूर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथली गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी बॅरिकेड लावून सील केली, जमावबंदी लावली. आजूबाजूचे रहिवासी खूश, बाया रस्त्यावर. पेपरात फोटो बघितला आणि मला ती प्लॅस्टिकची खुर्ची आठवली. पुढं १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ह्या बायांना पोलिसांनी माणसासारखं वागवावं, शिवीगाळ-मारहाण करू नये, धाडीत त्यांनाच अटक करून छळू नये. संविधानाचं २१ वं कलम त्यांनाही आहे. सांगावं लागलं. ज्यानं ते संविधान लिहिलं त्याचा फोटो त्या खोलीत होता, आणि मी त्याच्याखाली उभा राहून कोऱ्या कागदावर सही केली.

कोर्टाचं सांगायचं राहिलं. १९९८ साली समन्स आलं. कमिटीतले दोघं आदल्या दिवशी घरी आले. "कागदावर लिहिलंय तेवढं बोला. वस्तीच्या इज्जतीचा प्रश्न आहे." खोलीमालक पण होता. जाताना पोरांसाठी मिठाई ठेवून गेला.

पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलानं पंचनामा दाखवला. सही तुमची? माझी. मजकूर बरोबर आहे? मी म्हणालो, "सही माझी. मजकूर मी बघितलेला नाही. सही केली तेव्हा कागद कोरा होता." वकिलानं चष्म्यावरून बघितलं. मला फितूर साक्षीदार जाहीर केलं. प्रतिष्ठित रहिवाशाचा फितूर झालो. खरं सांगू, बरं वाटलं, पण बरं वाटायचं काही कारण नव्हतं. बाई सुटली, पण जामीनदार मिळाला नाही म्हणून आधीच पाच महिने आत काढून आली होती. खोली गेली होती. तिथं खोलीमालकानं एस.टी.डी. बूथ टाकला होता.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. मला बघितलं.

"वाचलास व्हय शेवटी?"

मला बोलता आलं नाही. तिनं चिमूट तोंडात टाकली आणि जिना उतरून गेली. परत दिसली नाही. कमिटीनंही मला परत बोलावलं नाही.

हे सगळं त्या तीन पोरांना सांगितलं. एकाला कंटाळा आला होता, तो मोबाईल बघत होता. चालायचंच. दुसरा म्हणाला, "मग काका, सही नाही म्हणता?"

मी म्हणालो, "अर्ज घे. पुलाखाली जाऊ."

तिघांचे चेहरे उतरले. कुणी बघितलं तर काय म्हणतील. मला हसू आलं. मग एक जण निघाला, मग दुसरे दोघं. सात वाजले होते. पाच बाया होत्या. आम्हांला बघून आधी पांगायला लागल्या, मी "जय भीम" म्हणालो तेव्हा दोघी थांबल्या. पोरानं अर्ज वाचून दाखवला. वाचताना त्याची मान वर होत नव्हती. "अश्लील हावभाव" ह्या शब्दाला अडखळला.

एक बाई म्हणाली, "आमाला हटवा म्हनून लिव्हलंय, ते असू दे. तुमी काय आज पयल्यांदा लिव्हताय? पन ह्यो दिवा सहा महिनं बंद हाय, त्ये कुटं लिव्हलंय? परवा हितंच एकीचं डोस्कं फोडून पैसं नेलं. आनी त्या रिक्षा स्टँडवरचं दोगं जनं रोज पन्नास-पन्नास घेत्यात, त्ये?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. रिक्षा स्टँडवरच्या दोघांपैकी एकाची सही अर्जावर होती. चौथी.

तिथंच पुलाच्या खांबाला कागद टेकवून नवा अर्ज लिहिला. हातानं. विषय : पुलाखालचे दिवे लावणेबाबत व हप्ता घेणाऱ्यांवर कारवाई करणेबाबत. बायांना हटवा हे वाक्य गेलं. चौथ्या नंबरचा सहीला येणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं, कुणी बोललं नाही. आधी बायांनी वाचून घेतला, एकीनं दोनदा. मग सह्या. एकूण नऊ झाल्या, त्यात तीन अंगठे. शाईचं पॅड नव्हतं, पेनाची शाई बोटाला लावली. माझी सही सगळ्यात खाली आहे, ह्या वेळी मराठीत.