सागरच्या काकू निर्वंश नाहीत

चि. बंडू यास,


तू पाठवलेला वंशवृक्ष पोचला. कागद चांगला आहे, छपाई ठसठशीत आहे, भिंतीवर लावला तर शोभेल. सोबतच्या चिठ्ठीत तू एकच गोष्ट विचारली आहेस, पणजीचं माहेरचं आडनाव. ती चौकट रिकामी राहिली म्हणून तुला चैन नाही. त्याकडे येतेच, पण आधी मला बोलू दे. धाकट्या पातीच्या नावाखाली तू ‘निर्वंश’ लिहून रेघ मारली आहेस, ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

अरे शहाण्या, त्या निर्वंशांच्या घरी तू अख्खी मे महिन्याची सुटी काढली आहेस! सागरच्या परकोट्यातलं ते घर, गच्चीवरून दिसणारा तलाव, सगळं विसरलास? तुला गोवर निघाला तेव्हा तुझी आई मुंबईत होती आणि उशाशी सागरच्या काकू बसल्या होत्या. तू लहान होतास, मान्य. पण घरात चार मोठी माणसं आहेत, छापखान्यात जाण्याआधी एकाला तरी विचारायचंस. दादा असता तर त्याने तो कागद तुझ्यासमोर फाडला असता.

‘निर्वंश’ कुठून आणलंस तेही मला ठाऊक आहे. इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीतून. ती वंशावळ मी तुझ्या आधी वाचली आहे. पण ती कशासाठी लिहिली गेली, हा प्रश्न तुला पडला नाही. 1852चा अकरावा कायदा झाला आणि दख्खनभर इनामदारांची झोप उडाली. सनद मूळ कुणाला, वारस कोण, आज भोगवटा कुणाकडे, सगळं कागदोपत्री दाखवा, नाही तर जमीन सरकारजमा. आपल्या सासवडकडच्या थोरल्या पातीने वंशावळ लिहून दिली ती या धाकात. धाकटा भाऊ दोन पिढ्यांपूर्वी बुंदेलखंडात गेलेला. त्याची मुलंबाळं दाखवावीत तर उद्या ते हिस्सा मागायला उभे. मग काय, लेखणीच्या एका फटकाऱ्यात निर्वंश! त्या पूर्वजांना मी फार दोष देत नाही, त्यांना जमीन वाचवायची होती. तुला काय वाचवायचं होतं?

माझं हे मत तू पूर्वीही ऐकलं आहेस आणि हसला आहेस, पण पुन्हा सांगते. भांडणाशिवाय कागद होत नाही. ज्या घरात भाऊ गुण्यागोविंदाने नांदले, विधवेला वेळेवर दोन घास मिळाले, त्या घराचा दप्तरात मागमूस सापडायचा नाही. कज्जा, फिर्याद, दत्तकाची तक्रार, चुलत्याने दाबलेलं शेत, यातूनच घराण्यांचा इतिहास उरतो. म्हणून कागद हातात आला की पहिल्यांदा विचारावं, हा माणूस मागतोय काय? आणि कुणाचा काटा काढतोय? आणि कागद खरा असला तरी काय? झाशीचंच बघ. राजे गंगाधरराव नेवाळकर 21 नोव्हेंबर 1853ला गेले, आदल्याच दिवशी घराण्यातल्या वासुदेवरावांचा मुलगा आनंदराव दत्तक घेऊन त्याचं दामोदरराव केलं होतं. नेवाळकरांची वंशावळ कंपनी सरकारला काही कमी माहीत नव्हती. राणी लक्ष्मीबाईने खलित्यांवर खलिते पाठवले. तरी राज्य खालसा झालंच. वंशावळ बिनचूक असली म्हणून तिचं कुणी ऐकतं असं नाही, आणि लबाड असली म्हणून कुणी फेटाळतं असंही नाही.

दुसरं ते पानिपत. धाकट्या पातीच्या मूळपुरुषाच्या नावाशी तू बारीक अक्षरात ‘गोविंदपंत बुंदेल्यांसमवेत पानिपतावर धारातीर्थी पडले’ असं छापलं आहेस. मराठी घराण्यांना पानिपतावर एक तरी माणूस मेल्याशिवाय समाधान वाटत नाही का रे? पहिली गोष्ट, गोविंदपंत पानिपतावर पडलेच नाहीत. ते जवळजवळ महिनाभर आधी, 17 डिसेंबर 1760ला, अंतर्वेदीत अब्दालीची रसद मारताना जलालाबादेजवळ मारले गेले. दुसरी गोष्ट, आपल्या माणसाचं साल. मोडी वाचून देणाऱ्याने तुला ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ याचं 1171 करून दिलं आणि तू ते हिजरी समजून संगणकात घातलंस. यंत्राने 1757-58 सांगितलं, की तू लगेच त्याला घोड्यावर बसवलंस. अरे, ते शुहूर सन आहे! आरंभाला ते हिजरीबरोबरच होतं, पण ते सूर्याच्या चालीने चालतं, मृगाला पालटतं, आणि हिजरी वर्ष चंद्राचं, अकरा दिवसांनी तोकडं. चारशे वर्षांत दोघांत तेरा वर्षांचं अंतर पडलं. शुहूर सनात 599 मिळवायचे, जानेवारी लागला असला तर 600. म्हणजे ते पत्र 1770-71चं. आणि पत्रात आहे काय? लढाईचं अक्षर नाही. थोरल्या भावाला विचारतोय, आमसुलं आणि सुपारी पाठवाल काय, इकडे मिळत नाहीत. पानिपतावर धारातीर्थी पडलेला माणूस दहा वर्षांनी आमसुलं मागतोय! मला हा आमसुलंवाला फार आवडतो. गोविंदपंतांमागे सागरची बाजू त्यांचे चिरंजीव बाळाजी गोविंद बघत होते, त्यांच्या कारकुनांत हा कुठे तरी असणार. तो आहे तसा लाव ना वृक्षावर.

सरहद्दीवरच्या माणसांचा माग काढायचा तर डोक्यात एक गोष्ट पक्की हवी. छत्रसालाने तिसरा हिस्सा बाजीरावाला दिला आणि सागर, काल्पी, झाशीकडे आपली माणसं गेली. ती तिथेच राहिली, सरकारं मात्र बदलत गेली. सागरचा हिशेब आधी पुण्याच्या हुजूर दप्तरात जायचा. 1818ला कंपनी आली. मग सागर-नर्मदा मुलूख, काही काळ आग्र्याकडचा वायव्य प्रांत, 1861ला मध्य प्रांत आणि नागपूर, 1956ला भोपाळ. घर परकोट्यातून हललं नाही आणि त्याचे कागद पाच ठिकाणी विखुरले. शिवाय तिकडचं जे जळलं ते जळलं. 1858च्या एप्रिलात झाशी लुटली गेली तेव्हा राजवाड्यातल्या ग्रंथालयाचं काय झालं ते वरसईच्या गोडसे भटजींनी लिहून ठेवलंय. भटजींनी ‘माझा प्रवास’ लिहिलं ते पंचवीसएक वर्षांनंतर, आठवणीतून. छापून यायला 1907 उजाडलं. तारखांसाठी कुणी त्यांच्याकडे जाऊ नये, पण वेढ्यातल्या शहरात माणसं कशी जगली ते कुठल्या सरकारी कागदात आहे? तू मात्र चिठ्ठीत ऐटीत लिहितोस, ‘ऐकीव माहिती वगळली आहे’. आणि इनाम कमिशनची लबाडी ती अस्सल!

आता पणजी. बायकांची नावं इनामाच्या कागदात शोधू नकोस, तिथे कामापुरती विधवा येते. ती शोधायची तीर्थोपाध्यांच्या वह्यांत. तीर्थश्राद्धाला आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, आईच्या वडिलांकडची तीन पुरुषांची सपत्नीक घ्यावी लागतात. उपाध्यायाला जमिनीशी देणंघेणं नाही, त्याला पुढच्या पिढीची दक्षिणा हवी असते, म्हणून तो नीट लिहून ठेवतो. त्र्यंबक, प्रयाग, काशी, गया, यांतलं तू एकही पाहिलं नाहीस. पण तिथेही सापडतं ते सासरचं नाव. मनूची लक्ष्मीबाई झाली तशी आपल्याकडेही प्रत्येकीची कुणी तरी झाली. माहेर लक्षात ठेवतं ते माणूसच.

आणि ते माणूस सागरला आहे. पणजीचं माहेर रहलीचं, एवढं मला आईकडून ठाऊक. आडनाव काकूंना येतं. सर्वपित्रीला काका सोवळ्यात नावं घ्यायचे आणि काकू चुलीपाशी वडे तळता तळता डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत तीच नावं ओठांतल्या ओठांत म्हणायच्या. काका एखादी पणजी गाळायला लागले की झारा कढईच्या काठावर आपटायचा. तेवढ्यावर काका थांबून मागे जायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? तर म्हणाल्या, सासूबाईंचा झारा ऐकून.

पण बंडू, काकू आता नव्वदीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात फोनवर मला आधी दादाच्या नावाने हाक मारली, मग आईच्या. कान तर गेलेच आहेत. त्यांचा मुलगा त्यांना भोपाळच्या फ्लॅटवर नेणार आहे, पावसाळ्याआधी जुनं घर मोकळं करायचं म्हणतोय. माळ्यावर काकांची पत्र्याची ट्रंक आहे, वरच्या थरात विजेची बिलं, खाली लाल फडक्यात मोडीचे कागद. मुलाला मोडी येत नाही. घर मोकळं करताना ट्रंकेचं काय करतात ते तुला सांगायला नको. तुझ्या त्या वृक्षाची एक प्रत म्हणे तू त्यालाही पाठवली आहेस. आपल्या आईच्या घरावर ‘निर्वंश’ छापलेलं वाचून त्याने तुला ट्रंकेला हात लावू दिला तर त्याचे उपकार मान.

तेव्हा आधी त्याला फोन कर, क्षमा माग, सबबी सांगू नकोस. मग झेलमचं तिकीट काढ, बीनाला उतर, तिथून सागर लांब नाही. उन्हं वाईट असतात, बाहेरचं पाणी पिऊ नकोस, तुझं पोट आधीच नाजूक. काकूंसाठी मऊ नऊवारी ने, आणि एक डबा आमसुलं. गेल्या गेल्या वही काढून बसू नकोस, त्यांना पोलीस चौकशी वाटेल. त्यांच्याजवळ बसून वाटाणे सोल आणि मुद्दाम एक नाव चुकवून म्हण. त्या दुरुस्त करतील.

वृक्षाच्या उरलेल्या प्रती वाटू नकोस.

तुझी
आत्या