मांजर घरी यायचे आहे

मराठीत मांजरावर म्हणी पुष्कळ आहेत. पण मांजर घरी आणण्यापूर्वी काय काय तयारी करावी, याविषयी आपली भाषा मुकी आहे. कारण उघड आहे. आपल्याकडे मांजर कोणी आणीतच नसे. ते येई. पावसाच्या झडीत पडवीत येऊन बसे, चार दिवस कोणी हुसकले नाही म्हणजे घरचे होई, आणि पुढे माळ्यावर किंवा कणगीमागे पिल्ले घालून आपला हक्क कायम करी. व्याही यायचे असले तर खुर्च्यांच्या खोळी बदलाव्या. मांजरासाठी कोणी खोळ बदलल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आम्ही मात्र गेले तीन आठवडे तयारीत आहोत. आमची पडवी कधीच गेली. मारुती मंदिराच्या बाजूला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. तिथवर आपण होऊन कोणते मांजर येणार? मुलीने हट्ट धरला आणि मिऱ्याच्या एका ओळखीच्या घरी गणपतीच्या दिवसांत झालेल्या पिल्लांपैकी एक, कपाळावर काळा ठिपका असलेले, आमचे ठरले. निदान आठ आठवडे ते आईजवळ राहू द्या, असे पशुवैद्यांनी बजावले आहे. खेळताना नख कुठवर लावायचे, दात किती रोवायचा, हे ते भावंडांशी झोंबूनच शिकते म्हणे. शिवाय दिवाळीच्या फटाक्यांत नवे पिल्लू घरात आणणे म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी पलंगाखाली घालवणे. तेव्हा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा.

तयारी म्हणाल तर आमच्या ह्यांनी गॅलरीच्या गजांमधले अंतर पट्टीने मोजले आणि जाळी ठोकून घेतली. मुलगी मांडवीची काळी वाळू पिशवीत भरून आणायला निघाली होती. मांजराच्या विधीसाठी दुकानात निराळी वाळू मिळते, असे सांगून तिला थांबवावे लागले. लसींच्या तारखा कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लिहून झाल्या : आठव्या आठवड्यानंतर तीन रोगांवरची एकत्र लस, तीनचार आठवड्यांनी तीच पुन्हा, आणि तीन महिन्यांचे झाले की रेबीजची. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आपल्याला उतार देते, पण एवढीशी एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते; म्हणून औषधांचा डबा कपाटात गेला. सुईदोराही गेला. गिळलेला दोरा आतड्यांत अडकतो. सासूबाईंनी आपल्या वातींचा कापूस मात्र हलवू दिला नाही.

पण खरा प्रश्न गॅलरीचा नव्हता, ताटाचा होता. आमचे घर शाकाहारी. सासूबाईंची ऐंशी वर्षे उलटली. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचे टरफलसुद्धा कधी आले नाही. त्यांनी सहज सांगून टाकले, "अगो, त्यात काय एवढं? दूधभात घालू. माझ्या माहेरी पाच मांजरं दूधभातावर वाढली."

हेच मी पशुवैद्यांना सांगितले, तर ते हसले. आईचे दूध सुटले की बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. दुधातली साखर पचवणारा रस त्यांच्या पोटात कमी होत जातो आणि पिल्लू हगवणीने खंगते. राहता राहिला भात. मांजराला टॉरीन नावाचे एक द्रव्य लागते. कुत्र्याचे शरीर ते बहुधा स्वतः तयार करते. मांजराला ते पुरेसे करता येत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. ते मिळाले नाही तर मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली कळले. हृदय दुबळे होऊन ते मरते, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झाले. गाजरातून आपण 'अ' जीवनसत्त्व मिळवतो, तेही त्याला साधत नाही. थोडक्यात, मांजराला शाकाहारी करणे म्हणजे त्याला सावकाश मारणे.

मग सासूबाईंच्या माहेरची ती पाच मांजरे जगली कशी? अर्थात उंदरांवर. दूधभात हा त्यांचा फराळ. जेवण ती रात्री माळ्यावर उरकीत. अमरावतीचे डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी तर १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे मांडले होते की, ज्या खेड्यांत मांजरे पुष्कळ तिथे प्लेग कमी. मांजरालाही प्लेग होतो, ही गोष्ट निराळी. मांजर म्हणजे त्या काळी घरचा चाकर, आणि चाकर बाहेर काय खातो हे कोणी विचारीत नसे. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो. मला वाटते, वाटी पुढे सरकवणाऱ्यांचेच डोळे मिटलेले असत. आमच्या दुसऱ्या मजल्यावर उंदीर नाहीत. डोळे मिटण्याची ती सोय आम्हाला नाही.

ह्यांनी तोड सुचवली, की पाकिटातले तयार अन्न आणावे आणि आईला काही सांगू नये. पाकिटावरचे माशाचे चित्र फाडून टाकावे. ते मला पटेना. ज्यांच्या स्वयंपाकघरात मी वीस वर्षे वावरले, त्यांच्याच घरात चोरून मासळी आणायची? मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस वाती वळीत राहिल्या. मला वाटले, मिऱ्याला निरोप पाठवावा लागणार.

तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "आमची ठकी एकदा उंदीर घेऊन देवघराच्या उंबऱ्यावर आली होती. आईनं वरून टोपली उपडी घातली, गड्याला हाक मारली आणि स्वतः पुन्हा आंघोळ केली. पण ठकीला मारलं नाही." मग थोडे थांबून : "गॅलरीत त्याची फळी निराळी ठेव. वाटी माझ्या भांड्यांत घासायची नाही."

फळी बसली. रोजचे अन्न पाकिटातलेच, कारण नुसत्या माशावरही मांजराचे भागत नाही. पण आठवड्यातून एकदोनदा मिरकरवाड्याचा ताजा मासा उकडून, काटे काढून द्यावा, असा विचार आहे. काटे मी काढणार आहे. त्यासाठी निराळी शेगडी आणि एक ॲल्युमिनियमचे पातेले आणले; सासूबाईंनी ते लांबूनच पाहिले आणि झाकण घट्ट बसते ना, एवढे विचारले. मासा हा शब्द त्या अजून उच्चारीत नाहीत. "त्याचा खाऊ" असे म्हणतात. एकादशीचे काय करायचे, ते मात्र अजून ठरायचे आहे. मांजराला उपवास घडवता येत नाही आणि सासूबाईंचा मोडता येत नाही. त्या दिवशी शेगडी न पेटवता पाकिटावर भागवावे आणि गॅलरीचे दार लोटून घ्यावे, असे सध्या घाटते आहे.